थोडंसं हललीस

एमआरआयच्या खोलीत पहिल्यांदा येणारा माणूस यंत्राकडे जरा दबकून बघतो. भिंगरीचे बाबा आले ते खिशातली मोजपट्टी काढतच. मी दारात हात आडवा घातला.

"लोखंडी वस्तू आत नाही चालत. चुंबक ओढून घेतो."

"मग मोजू कशानं?"

"काय मोजायचंय?"

"तोंड. ह्या नळीचं तोंड, आणि आत किती खोल आहे ते."

ते सुतार होते, दारं-खिडक्या करणारे. मोजपट्टी, कानामागची पेन्सिल, चाव्या, कमरेचा पट्टा, सगळं त्यांनी बाहेरच्या टोपलीत ठेवलं आणि आत येऊन शर्टाच्या खिशातून सुतळीचा तुकडा काढला. नळीच्या तोंडावर तो आडवा धरला, गाठ मारली. टेबलापासून वरपर्यंत धरला, गाठ मारली. मग स्वतःच टेबलावर आडवे होऊन एक हात डोक्यामागे लांबवला आणि नळीची खोली मोजली. तीन गाठी. कागदावर काही लिहिलं नाही.

"घरी करतो एक असंच," ते म्हणाले. "तिला सवय होईल."

माझं काम एवढंच की रुग्णाला यंत्रात झोपवायचं, काचेपलीकडे बसून मेंदूची चित्रं घ्यायची आणि डॉक्टरांकडे पाठवायची. चित्रात काय दिसतंय हे रुग्णाला सांगायचा अधिकार मला नाही. सोळा वर्षांत तो नसल्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं.

भिंगरी नऊ वर्षांची होती. दोन महिने आधी जन्मली, त्या सुमारास कधीतरी मेंदूला इजा झाली, तेव्हापासून सेरेब्रल पाल्सी. पाय ताठ, कात्रीसारखे एकमेकांवर चढणारे. हात मात्र कधी स्वस्थ नसत, मनगटातून सारखे फिरत, म्हणून आईनं घरचं नाव ठेवलं भिंगरी. "सासूबाईंना मुळीच आवडलं नव्हतं," आई मला म्हणाली होती. "म्हटलं, नाव तरी हसून ठेवू द्या. रडायला अख्खं आयुष्य पडलंय."

तिचं बोलणं बाहेरच्या माणसाला कळत नसे, पण समजायचं तिला सगळं. काही सांगायचं असलं की आई ओळी म्हणायची, क, च, ट, त, प, य. हवी ती ओळ आली की भिंगरी डोळे वर करायची. मग त्या ओळीतलं एकेक अक्षर, मग काना-मात्रा. डोळे वर म्हणजे हो, घट्ट मिटले म्हणजे नाही. एका वाक्याला पाच-सात मिनिटं लागत. त्यामुळे ती फालतू काही बोलायची नाही. मला तिनं पहिल्या भेटीत विचारलं होतं, 'आत अंधार?' मी म्हटलं, "नाही गं, दिवा असतो." तिनं पुढे विचारलं, 'वारा?' तोही येतो, लहानसा पंखा असतो. एवढ्यावर तिचं समाधान झालं.

हे सगळं चाललं होतं एका ऑपरेशनसाठी. पायांकडून पाठीच्या कण्यात येणारे मज्जातंतू असतात, त्यातले काही निवडून कापले की पायांचा ताठरपणा उतरतो. ज्यांना ते लागू पडतं ती मुलं पुढे कुबड्यांवर, काही तर नुसत्या काठीवर चालतात. पण सर्जनची एक अट होती. आधी मेंदूचा फोटो. इजा मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेला तेवढीच असेल तर ऑपरेशन करायचं. आणखी आत, खोलवर जे गोळे असतात, जे शरीराच्या हालचाली आवरून धरतात, त्यांना धक्का लागला असेल तर करायचं नाही. कारण मग ताठरपणा गेला की त्याखाली उभं राहायला काहीच उरत नाही.

अशा मुलांना आम्ही भूल देऊन यंत्रात घेतो. पण सहाव्या वर्षी दातांसाठी भूल दिली होती तेव्हा भिंगरीचा श्वास ताळ्यावर यायला तीन दिवस लागले होते. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, नुसत्या फोटोसाठी मी तो धोका परत घेणार नाही. म्हणजे जागेपणी झोपायचं आणि हलायचं नाही. जिचं नावच भिंगरी, तिनं.

बाबांनी नळी बनवली. पातळ प्लायवूड भिजवून वाकवलं, आतून तीनदा घासलं, पांढरा रंग दिला. मी माझ्या फोनवर यंत्राचे आवाज टिपून त्यांना दिले होते, ठोकल्यासारखा, खरवडल्यासारखा, दूरवर भोंगा वाजावा तसा, सगळे. नळीच्या छताला त्यांनी दोऱ्यानं एक लहानशी घंटी टांगली. दोऱ्याचं टोक भिंगरीच्या हनुवटीला चिकटपट्टीनं लावायचं. हलली की किणकिण.

"लग्नातल्या पलंगाला पण एवढं पॉलिश नव्हतं मारलं ह्यांनी," आई फोनवर म्हणाली.

मागून बाबांचा आवाज आला, "तो अजून टिकलाय ना?"

"टिकलाय, पण कुरकुरतो. तुमच्यासारखाच."

पहिल्या दिवशी अकरा सेकंद. दुसऱ्या दिवशी नऊ. तिसऱ्या आठवड्यात एक मिनिट झालं तेव्हा बाबांनी मला दुपारच्या कामात फोन केला आणि काय बोलावं ते न सुचून नुसतं "एक मिनिट" म्हणाले. मी म्हटलं, "थांबते, बोला." ते म्हणाले, "नाही हो, तिचं. एक मिनिट." आठव्या आठवड्यात त्यांनी एक चित्रफीत पाठवली. नळीतून बाहेर आलेले तिचे दोन पाय, खाली उशी, यंत्राचा ठोठो आवाज, आणि आईची कुजबुज, "आता शिंक आली तर दोन महिने पाण्यात." घंटी चार मिनिटं वाजली नाही. चित्रफीत संपायच्या आधी भिंगरीचा एक चीत्कार ऐकू येतो आणि चित्र वेडंवाकडं होतं. बाबांनी फोन टाकून तिला उचललं असावं.

माझ्या कामात लोकांच्या मेंदूशी माझा संबंध येतो, लोकांशी क्वचित. ती चित्रफीत मी बऱ्याचदा पाहिली.

तपासणीच्या दिवशी तिला दोन वेण्या घातल्या होत्या आणि त्यांना रबर लावले होते, क्लिप नव्हत्या. हे मी सांगितलेलं नव्हतं, आईनं स्वतः विचार केला होता. मी कानावर आवाजरोधक लावले, डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोम दाबून बसवला, बाबांना आत तिच्या पायांशी स्टुलावर बसवलं. आई माझ्यासोबत काचेमागे.

चित्रं एकदम घेता येत नाहीत. दोन-तीन मिनिटांचे तुकडे असतात, दर तुकड्याला मेंदू वेगळ्या रीतीनं दिसतो. पहिला तुकडा उत्तम आला. दुसराही. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा, तीन मिनिटं चाळीस सेकंदांचा. तो संपला, पडद्यावर चित्र आलं, आणि मला माझी चूक दिसली.

तिच्या आधी दीड वर्षाचं बाळ होतं. चित्राची चौकट दर तुकड्याला वेगळी लावावी लागते, आणि ह्या तुकड्याची, त्या बाळाच्या डोक्याच्या मापाची लहान चौकट मी बदलायला विसरले होते. चौकटीबाहेर जे राहतं ते यंत्र सोडून देत नाही, विरुद्ध बाजूला नेऊन चिकटवतं. भिंगरीच्या नाकाचा शेंडा तिच्या डोक्याच्या मागच्या भागावर येऊन बसला होता. चित्र निकामी होतं.

मी माइकचं बटण दाबलं आणि म्हणाले, "छान. थोडंसं हललीस गं भिंगरे. परत एकदा घेऊया हं."

ही आमच्या कामातली सवय आहे. मी शिकत होते तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या वरिष्ठांनी सांगितलं होतं, "यंत्र बिघडलं म्हणायचं नाही, माणूस घाबरतो. आपण चुकलो म्हणायचं नाही, विश्वास उडतो. थोडंसं हललात म्हणायचं. थोडंसं सगळेच हलतात." त्यांनी ते हसत सांगितलं होतं. मीही नंतर नव्या मुलींना हसतच सांगितलं. सोळा वर्षांत हे वाक्य मी किती जणांना म्हटलं असेल कोण जाणे. कुणाचं काही बिघडलं नव्हतं. लोक "सॉरी हं" म्हणत आणि पुढच्या वेळी आणखी गच्च पडून राहत.

चौकट मोठी केली. परत तीन मिनिटं चाळीस सेकंद. चुकलेला तुकडा मी पुसून टाकला, निकामी चित्रं पुढे पाठवत नाहीत.

दुसऱ्यांदा आलेल्या चित्रासारखं स्वच्छ चित्र जागेपणी झोपलेल्या मुलाचं मी पाहिलेलं नाही. पोकळ्यांच्या कडेला पांढरे व्रण होते, ते अपेक्षित होते. मी पुढची पातळी उघडली, मग पुढची. खोल आत, दोन्ही बाजूंना, अगदी सारख्या उंचीवर, दोन लहान पांढरे डाग होते. बोटांच्या चिमटीत मावतील एवढे. ती जराही हलली असती तर ते पुसट होऊन गेले असते.

"नीट येतायत ना?" आईनं विचारलं.

"स्पष्ट येतायत," मी म्हणाले.

बाहेर आणल्यावर भिंगरीच्या गालांवर फोमचे वळ होते आणि हात एकदम सुटे झाल्यासारखे गरगर फिरत होते. तिनं आईकडे बघितलं, आईनं ओळी म्हटल्या. 'किती?' एवढंच तिनं विचारलं.

"किती हलली असं विचारतेय," आई म्हणाली.

त्याच वेळी सांगता आलं असतं. पण माझ्या डोक्यात ते दोन डाग होते आणि मी तिच्याकडे नीट बघतही नव्हते. मी बोटाच्या पेरावर अंगठा ठेवून दाखवलं, "एवढुसं."

दहा दिवसांनी सर्जननं आईबाबांना बोलावून ऑपरेशन होणार नाही म्हणून सांगितलं. मी तिथे नव्हते, असण्याचं कारणही नव्हतं.

त्यानंतर आठवडाभरानं बाबांचा फोन आला.

"मॅडम, फोटो परत काढता येतील का?"

"परत कशाला? फोटो चांगले आलेत."

"ती म्हणतेय परत. एकच शब्द लावून धरलाय. आम्ही तिला म्हटलं, फोटोत दिसलं म्हणून डॉक्टर नको म्हणाले. तर ती म्हणते, मी हलले. तुम्ही म्हणाला होतात ना तसं."

मी म्हटलं, बघते. दुसऱ्या रुग्णाला टेबलावर घ्यायचं होतं. फोन ठेवला.

आणखी सहा-सात दिवस गेले. त्या दिवसांत मी एकदाही कुणाला "थोडंसं हललात" म्हटलं नाही, एवढंच मला जमलं. मग जिन्यात मला तिचे व्यायाम घेणारी बाई भेटली. आमची तोंडओळख होती.

"ती तुमची भिंगरी," ती म्हणाली, "काय झालंय हो तिला? हलायचंच बंद केलंय. झोपाळ्यावर बसत नाही. चेंडू दिला तर हात उघडत नाही. हात असे दाबून धरते की नखं पांढरी पडतात. नळीत घालून ठेवा म्हणते, सकाळ-संध्याकाळ. आई ओरडते, बाप घालतो. एका बाजूचा खुबा आखडत चाललाय. आणखी महिनाभर असं चाललं तर जे आहे तेही घालवून बसेल."

मी आमच्या डॉक्टरांकडे गेले, जे चित्रं वाचून अहवाल लिहितात. चौकटीचं सांगितलं. मी माइकवर काय म्हटलं ते सांगितलं.

"एक तुकडा परत घेतलात, त्यात काय?" ते म्हणाले. "निदान तेच आहे."

"निदानाचं नाही म्हणत मी."

त्यांनी चष्मा काढला. "अहवालाबद्दल तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. तुमच्या चुकीबद्दल बोला. ती तुमचीच आहे."

रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. घराच्या पुढच्या भागात कामाची जागा होती. भिंतीला टेकवलेल्या चौकटी, भुसा, सरसाचा वास. बाबा एका दाराच्या फळीला पॉलिशपेपर मारत होते. मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं.

"ती हलली नव्हती. चूक माझी झाली होती. मी तिच्यावर ढकलली."

हात थांबला. "म्हणजे फोटो..."

"फोटो उत्तम आले. ती दोन्ही वेळेला जराही हलली नाही. त्यामुळेच एवढे स्पष्ट आले."

त्यांनी फळीवरचा भुसा तळहातानं पुसला, दोनदा. मग म्हणाले, "मग एकदा तरी हलायला हवी होती."

त्यांनी पॉलिशपेपर खाली ठेवला.

"मॅडम, तिला नका सांगू," ते हळू आवाजात म्हणाले. "आत्ता तिला वाटतंय की नापास झालो, परत बसू. सकाळी उठली की डोळे नळीकडे. तेवढं तरी आहे तिच्याकडे. ते काढून घेतलंत तर मी तिला काय देऊ? खेळणं?"

"काय देऊ म्हणे," आई मधल्या दारात येऊन उभी होती, ओल्या हातांनी. किती ऐकलं होतं कुणास ठाऊक. "पोरगी लाकूड व्हायला लागलीय. तुमचं लाकूड बरं, रंधा तरी मारता येतो. या ताई, आत या."

"अगं, ऐक तरी."

"पंधरा दिवस ऐकलंच की. तुम्ही घालता, मी काढते. तुम्ही घालता, मी काढते." तिनं हात पदराला पुसले. "बाप आहात, तुमच्याच्यानं बघवत नाही, कळतं मला. पण ती स्वतःला शिक्षा करतेय. कशाची? ह्या ताई एक शब्द बोलल्या त्याची."

माझ्याकडे बघून ती हे म्हणाली, पण आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

भिंगरी खिडकीजवळ तिच्या खुर्चीत होती. खुर्चीला पुढे लाकडी फळी होती, तिच्यावर दोन्ही हात पालथे ठेवलेले. मी ते हात कधी थांबलेले बघितले नव्हते. कपाळावर आणि वरच्या ओठावर घाम होता. नुसतं न हलण्यासाठी ती इतकी राबत होती. पलीकडे ती पांढरी नळी. मला बघून तिचे फक्त डोळे वळले.

"मावशी आलीय बघ," आई म्हणाली. "तुला काहीतरी सांगायचंय म्हणे."

मी समोर जमिनीवर बसले, तिच्या डोळ्यांच्या खाली. "भिंगरे, त्या दिवशी तू हलली नव्हतीस."

डोळे घट्ट मिटले. नाही.

"खरंच. मी चुकले होते, आणि तुला म्हणाले तू हललीस."

तिनं आईकडे बघितलं. आईनं ओळी सुरू केल्या. क, लगेच डोळे वर. त्यातला ख. मग ओकार.

"खोटं नाही गं, मी खरंच..."

"थांबा ताई," आई म्हणाली. "तिचा शब्द तिला संपवू दे. आमच्यात कुणी मधे तोडत नाही."

आईनं पुढच्या ओळी म्हटल्या. ट आला. 'खोट.' अनुस्वार ती वेळ वाचवायला गाळायची.

"तिला वाटतंय तुम्ही आत्ता खोटं बोलताय," आई म्हणाली. "कीव आली म्हणून."

डोळे वर.

माझ्याकडे पुरावा नव्हता. तो तुकडा मी स्वतः पुसला होता. जगात त्याची नोंद होती ती फक्त माझ्या डोक्यात. मी कागद मागितला. बाबा दारातून कामाची वही आणि त्यांची जाड पेन्सिल देऊन परत दारातच उभे राहिले.

मी बाजूनं दिसणारं एक डोकं काढलं, दोन वेण्या घालून. "ही तू. तुझ्या आधी एक पिटुकलं बाळ होतं, त्याच्यासाठी मी एवढी चौकट लावली होती." डोक्याभोवती चौकोन काढला. नाक बाहेर राहिलं. "ती मोठी करायला विसरले. आता यंत्र कसं आहे, बाहेर राहिलं ते टाकून देत नाही. इकडचं उचलतं आणि तिकडे नेऊन चिकटवतं." मी तिच्या डोक्याच्या मागे, वेण्यांच्या मधोमध, एक नाक काढलं. "असा आला तुझा फोटो."

ती बघत राहिली.

"अगं बाई," आई म्हणाली, "मागून शिंकली असतीस की. रुमाल कुठे धरला असता मी?"

आधी तिचं पोट हललं. मग घशातून तो चीत्कार आला, चित्रफितीत ऐकला होता तसा. उजवा हात फळीवरून सुटून वर गेला आणि माझ्या हातातली पेन्सिल उडाली. तिनं हात परत खाली आणून दाबून धरला, पण हसू थांबत नव्हतं, आणि आई कागद तिच्यापुढे नाचवत होती. बाबाही हसले, थोडे.

"हे बघितल्यावर मी म्हणायला हवं होतं, थांब भिंगरे, मावशी चुकली," मी म्हणाले. "ते न म्हणता तुझं नाव घेतलं. तशी सवय आहे आम्हाला. वाईट सवय आहे. तू दोन्ही वेळेला चार मिनिटं दगडासारखी पडून होतीस. मोठी माणसं राहत नाहीत. मी सोळा वर्षं हे काम करतेय, माझ्याकडे तुझ्याइतकं कुणी राहिलेलं नाही."

तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. चित्र बघताना मीही अशीच बघते, एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर. मग तिचे डोळे वर गेले. हो.

मला वाटलं, झालं. काय मूर्ख असतो माणूस.

तिनं आईकडे बघितलं. ओळी. म. ग. आणि मग प, काना, य.

'मग पाय.'

हे बोलायचा मला अधिकार नव्हता, आणि पहिल्यांदाच मी त्या नियमामागे लपले. मी आईकडे बघितलं. आईनं खुर्ची ओढून तिच्यासमोर घेतली, गुडघ्याला गुडघा लावून.

"पायांचं ऑपरेशन नाही होणार, बाळा. तू हललीस की नाही ह्यावर ते नव्हतंच. तुझ्या डोक्यात आत जिथे लागलंय ना, त्याला हे ऑपरेशन उपयोगाचं नाही. पाय सैल होतील, पण उभं नाही राहता येणार. आत्ता बाबा धरतात तेव्हा टेकतेस ना दोन पावलं? ती पण जातील."

दारातून बाबा म्हणाले, "अगं, हळूहळू सांग."

"हळूच सांगतेय," आई म्हणाली.

भिंगरीचे डोळे आईच्या तोंडावर होते. मग तिनं डोळ्यांनीच ओळी मागितल्या. क, लगेच वर. क, लगेच वर. मग क नाही, च नाही, ट नाही, त वर. त नाही, थ नाही, द नाही, ध.

मला शब्द कळला. आईला माझ्या आधी कळला असणार. तिचा आवाज दोऱ्यासारखा बारीक झाला, पण ती म्हणत राहिली. काना? पहिली वेलांटी? दुसरी? वर. क? च? वर. कुणी मधे तोडलं नाही. बाबा चौकटीला धरून उभे होते, आम्ही तिघं त्या एका शब्दाच्या शेवटच्या अक्षराची वाट बघत होतो आणि तिला तो पुरा करू देत होतो.

"कधीच," आई म्हणाली. "कधीच नाही का, असं विचारतेस ना?"

डोळे वर.

आईनं तिच्या ओठावरचा घाम अंगठ्यानं पुसला. "पुढचं मला माहीत नाही. खोटं कशाला बोलू. पण ह्या ऑपरेशननं नाही. आणि दुसरं कुठलं आहे असं मला कुणी सांगितलेलं नाही."

फळीवरचे हात सुटले. आधी डावा, मग दोन्ही, मनगटं, कोपर, खांदे, पंधरा दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम. डोकं मागे गेलं, खुर्ची करकरली, आणि ती रडायला लागली. तो आवाज मोठा होता, मुलाचा वाटत नव्हता. फळीवरची वही खाली पडली. बाबा धावले आणि तिचे हात धरायला गेले.

"धरू नका," आई म्हणाली. "हलू दे तिला."

"लागेल गं तिला."

"लागू दे. हलू दे."

त्यांनी हात मागे घेतले. कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. शेवटी ते खुर्चीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि तिचं डोकं आपटू नये म्हणून त्यामागे स्वतःचं पोट टेकवलं.

मी जायला उठले. ह्या घरात आता माझं काही काम नव्हतं.

"ताई," आई मान न वळवता म्हणाली, "पाय तेवढे धरा. फळीच्या खालच्या दांड्याला आपटतात."

मी खाली बसले. तिचे दोन्ही घोटे हातात घेतले. मोजे निघाले होते. पाय माझ्या तळहातांवर आपटत होते, आणि त्यांत इतकं बळ होतं की मला दोनदा पकड बदलावी लागली. त्या दोन डागांकडे बघून मला हे कधीच कळलं नसतं. खिडकीतलं ऊन खुर्चीच्या चाकापर्यंत आलं, मग चाकावर चढलं. ती रडत होती, आम्ही तिघं तिला तीन ठिकाणी धरून होतो, आणि तिला कुणीही गप्प बस म्हणालं नाही.